भाऊ, तुझी काळी वाळू

भाऊ, तू रचून पेटवलेली भट्टी परवा उघडली.

सुतक फिटेपर्यंत धोंडू कुंभार तिला हात लावायला तयार नव्हता. कार्य उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा तो आपल्या अंगणात येऊन उभा राहिला. शेवटी आईनेच विचारलं, "भट्टी ना रे?" त्याने मान खाली घातली. आई म्हणाली, "जावा, काढा भायर. तेच्या हातचां आसा तां."

मी आणि वहिनी त्याच्याबरोबर गेलो. वरची खापरं उचलली, राख बाजूला केली. खाली तुझे गोळे होते. जाळ्याच्या खालच्या दोरीत ओवायचे, मधे भोक पाडलेले, काळपट तांबडे, आकाराच्या मानाने फार जड. दर खेपेला त्यातले काही तडकायचेच. मग तडकलेला गोळा हातात धरून तू धोंडूशी वाद घालत बसायचास, चूक मातीची की जाळाची. या खेपेला एकही तडकला नव्हता. धोंडू एकेक उचलून कानाशी वाजवून बघत होता आणि टोपलीत ठेवत होता. अर्ध्यावर त्याचा हात थांबला. "आता भांडू कोणावांगडा?" म्हणाला, आणि तिथेच राखेत बसला.

त्याचं एकट्याचं नाही भाऊ, माझंही तेच झालंय. आपली किती भांडणं अर्धी राहिली आहेत. दर शनिवारी मी कसालच्या शाळेतून घरी यायची, आणि पायावर पाणी घ्यायच्या आधीच आपलं कशावरून तरी सुरू व्हायचं. आई म्हणायची, ही दोघं जेवण्यासाठी नाही, भांडण्यासाठी एकत्र येतात. आता घर इतकं शांत असतं की मला पडवीत पाय ठेवावासा वाटत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. तू मधे बोलणार नाहीस, हे माहीत असूनही लिहिताना मधेमधे थांबते आहे.

तो मुंबईचा शेठ आला तेव्हा मी फायनलच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आपल्या गावातले एक म्हातारे सोनार पावसाळा सरला की ओढ्याच्या वळणावर बसून वाळू धुवायचे, आणि त्यांना दातात भरायलाही पुरणार नाही एवढं सोनं मिळायचं, ही गोष्ट कुठून तरी शेठच्या कानावर गेली होती. त्याने वळणावर तंबू ठोकला आणि वाळू धुवायला माणसं ठेवली. त्यात तू होतास. उथळ लाकडी ताटात ओढ्याची वाळू घ्यायची, पाण्यात गोल गोल हलवायची. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जायची आणि तळाला जड काळी वाळू राहायची. त्या काळ्यात कुठे पिवळा कण चमकला तर शेठ चष्मा लावून धावत यायचा. असे धावायचे प्रसंग फार थोडे आले. दोन उन्हाळे गेले आणि शेठचा धीर सुटला. एका सकाळी तंबू उतरला, गाडी भरली, आणि तो गेला तो परत कधी आला नाही. मागे राहिला काळ्या वाळूचा ढीग. सोनं काढून घेतलेली, कुणालाच नको असलेली वाळू.

ती तू घरी आणलीस. आपल्याच बैलगाडीतून, किती खेपा करून, मागच्या अंगणात फणसाच्या पलीकडे. आईने कपाळाला हात लावला. तुझ्याबरोबरची सगळी मुलं तेव्हा गिरण्यांत नाहीतर गोदीत लागलेली. तूही जाणार होतास. ट्रंक काढून पुसूनही ठेवली होतीस. पण मग मला पुढे शिकायला कोण पाठवणार आणि आईजवळ कोण राहणार, हे तू मनाशीच ठरवलंस आणि आम्हाला सांगितलं ते निराळंच. म्हणालास, वाळूचं काहीतरी करायचं आहे, मुंबईत जाऊन ते कसं होणार? मी तेव्हा खरंच चिडले होते. शेठने टाकलेलं तू कशाला उचलून आणतोस, असं तुला विचारलं. तू त्या ढिगातली मूठभर माझ्या ओंजळीत ओतलीस. हात खाली गेला माझा.

"शेठाक सोनां होयां होतां," तू म्हणालास. "तां गावलां नाय, म्हणान बाकीचां सगळां फुकट? हातात धरून बघ गो. येवढां जड फुकट नसतां."

मला ते पटलं नाही. पण त्या दिवसापासून तो ढीग आपल्या घरातलाच एक झाला. पावसाळ्यात तू त्याच्यावर माडाचे झाप घालायचास, उन्हाळ्यात काढायचास. कोंबड्यांना तिथे बसू द्यायचा नाहीस.

काय काय करून पाहिलंस रे. आधी शाई टिपायला. मालवणच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्यांकडे पुडी घेऊन गेलास. त्यांनी टीपकागद दाखवून हसून परत पाठवलं. मग आईने तांब्या घासून पाहिला. तांब्याला चरे पडले आणि आई आठवडाभर ते चरे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. हमरस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं, तिथल्या मुकादमाकडे पिशवी घेऊन गेलास. त्याला पांढरी वाळू हवी होती, काळी नको. परत येताना कसालला माझ्या शाळेच्या दारात उभा राहिलास, खांद्यावर ती पिशवी. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. मी पाणी दिलं. तू पाणी पिऊन म्हणालास की मुकादम चांगला माणूस आहे, त्याने चहा पाजला. एवढंच सांगितलंस.

त्या दिवशी तू वर्गात आलास, आठवतं? शेठचा एक लोहचुंबक तुझ्याकडे राहिला होता. तू कागदावर वाळू पसरलीस आणि खालून चुंबक फिरवलास. काळे कण उभे राहून चालायला लागले. मग चुंबक वाळूत बुडवून वर काढलास तर त्याला ही दाट दाढी आलेली. सगळा वर्ग बाकांवर चढला. मी ओरडायला हवं होतं, पण मीही बघत राहिले. तू निघालास तेव्हा मुलं फाटकापर्यंत तुझ्या मागे आली. तुला पुढे मूल झालं नाही, भाऊ. मुलांमध्ये तू कसा दिसतोस, हे मी त्या दिवशी पाहिलं होतं. तुझ्याशी कधी त्यावर बोललेही नाही. वहिनीशीही नाही.

मालवणच्या बाजारातल्या भडभुंज्याची गोष्ट तर तू स्वतःच सगळीकडे सांगायचास. त्याला ती वाळू एकदम आवडली. ती लवकर तापते, तापलेली बराच वेळ राहते, आणि दाणा करपत नाही. टोपली घेतली त्याने. तू घरी आलास तो गाणं म्हणत. पुढच्या हंगामात दुसरी टोपली घेऊन गेलास तर तो भट्टीमागून म्हणाला, "अरे, तुझी रेंव संपता खंय?" वाळूच ती, भाजून काय संपणार? जन्माला पुरेल एवढी त्याच्याकडे झाली होती. तू रिकाम्या हाताने आलास आणि पडवीत बसून पोट धरून हसलास. म्हणालास, गिऱ्हाईक मिळालं, पण एकदाच मिळालं. तुझ्या हसण्यामागे किती उन्हातान्हाचं चालणं होतं ते आई बघत होती. ती हसली नाही. उठून तुझ्या पायांना खोबरेल लावायला बसली.

मग वहिनी आली. सावंतवाडीकडची, बागायतीतल्या घरातली. पहिल्याच दिवशी तिने परसात तो ढीग पाहिला आणि तिला वाटलं कोळसा आहे. काही दिवसांनी सगळं कळल्यावर शेजारणींत ती त्याला "माझी काळी सवत" म्हणायला लागली. तू ते ऐकून खूश व्हायचास. आणि खरं तर त्या वाळूचं नशीब उघडलं ते वहिनीच्याच हाताने. हे तू कधी लपवलं नाहीस. कुठेही, कुणापुढेही, "शोध हिचो, मी नुसतो हमाल" असं म्हणायचास, आणि ती लाजून आत पळायची.

भर पावसाचे दिवस होते. चुलीचा एक थान, भांडं टेकायचा उंचवटा, मोडला. लिंपायला मातीत वाळू घालायची, तर ओढ्यावर जाण्याची सोय नव्हती. तिने झाप उचलून ढिगातली काळी घेतली, मातीत मळली आणि थान घातला. जाळावर तो चांगलाच भाजून निघाला. काही दिवसांनी चूल उकरून नीट करताना तो थान तिच्या हातातून निसटला आणि तू जवळच विडा करत बसला होतास, तर नेमका तुझ्या अंगठ्यावर. तू एका पायावर नाचलास. आम्ही सगळ्या धावलो. आणि मग नाचता नाचता तू थांबलास, तो तुकडा उचललास, आणि अंगठ्यातून रक्त येत असताना तो हातावर तोलत उभा राहिलास. आई ओरडतेय, वहिनी हळद आणतेय, भात करपतोय. तुझं लक्षच नाही. "केवढां जड झालां गो ह्यां," एवढंच म्हणत होतास.

किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं रापणीचं जाळं तळाला बसायला वजन लागतं. कुणी शिसं लावायचे, ते महाग. कुणी दगड बांधायचे, ते निसटायचे आणि जाळं फाडायचे. धोंडूच्या मातीत तुझी काळी वाळू घालून भाजलेला गोळा दगडापेक्षा जड आणि गुळगुळीत होता. पण ते साधायला धोंडूने आणि तू किती भट्ट्या वाया घालवल्या! वाळू जास्त झाली की गोळा भुगा व्हायचा, कमी झाली की हलका पडायचा. धोंडूची बायको म्हणायची की मडकी सोडून हे दोघं माती खातात.

पांडू तांडेल, आपल्या किनाऱ्यावरच्या रापणीचा म्होरक्या, त्याने पहिल्यांदा गोळा बघून परत दिला. माती आहे, समुद्रात विरघळेल म्हणाला. तू वाद घातला नाहीस. त्याच्याच अंगणात एका मडक्यात खारं पाणी घालून गोळा बुडवून ठेवलास आणि सांगितलंस, जाता-येता बघत जा. चतुर्थीला ठेवलास, आणि दर दोन दिवसांनी जाऊन मडक्यात ताजं खारं पाणी भरायचास. दिवाळीला तांडेल तो गोळा घेऊन स्वतः आपल्या घरी आला. मला सुट्टी होती, मी घरीच होते. त्याने गोळा ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाला, "तुझ्या झिलाक सांग, जाळ्याच्या एका अंगाक लावन बघतंय." आईने त्याला फराळाचं ताट दिलं. तू आतल्या खोलीत होतास. मी सांगायला आले तर तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास आणि मला हाताने जा म्हणालास. तुला रडताना मी तेवढंच पाहिलं.

त्यानंतरची वर्षं चांगली होती, भाऊ. एका अंगाचे गोळे सगळ्या जाळ्याला लागले, मग देवबागेकडून माणूस आला, मग आचऱ्याकडून. बैलगाडी पुन्हा जुंपली, या वेळी ढिगाकडून धोंडूकडे. घरावर मंगलोरी कौलं चढली. आईने चरे पडलेला तांब्या माळ्यावर टाकला, नवा आला. आणि एका पाडव्याला तू वहिनीसाठी सोन्याच्या कुड्या आणल्यास. तिच्या हातात पुडी ठेवून म्हणालास, "शेठाक नाय गावलां तां. माका गावलां." मी दारात होते, तुला माहीत नव्हतं. तुझा चेहरा मला अजून दिसतो.

त्या कुड्यांचंही सांगायचं आहे. तुला नेल्यानंतर बायका वहिनीभोवती जमल्या. बांगड्या गेल्या, गळ्यातलं गेलं. एकीने कानाला हात घातला. वहिनी दगडासारखी बसून होती, कोणी मान उतरवली असती तरी हलली नसती. तेव्हा आई आतून आली. आपली आई, जिने बाबांच्या वेळी स्वतःच्या हाताने सगळं उतरवून दिलं होतं. तिने त्या बाईचा हात धरला. "कुडयो रवांदेत," म्हणाली. "त्यो तेच्या घामाच्यो आसत." त्या बाईने हात मागे घेतला.

पण ढीग संपत आला होता. तो संपणारच होता. त्या रविवारी आपण फणसाच्या पलीकडे उभे होतो. जिथे इतकी वर्षं काळी टेकडी होती तिथे नुसता काळा डाग राहिला होता, गवत न उगवलेला. मी म्हटलं, झालं, आता थांब. घर झालं, दोन कलमं लाव, नाक्यावर दुकान टाक. तू म्हणालास की वळणावर अजून पुष्कळ आहे, शेठच्या वेळचे थर तुला माहीत आहेत, दरडीच्या खाली हात घातला की काळी पट्टी लागते. मी म्हटलं, या पावसाने ती दरड पार फुगली आहे. तू म्हणालास, तिथलं मूळ न् मूळ तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, आजवर तू दुसऱ्याने खणून टाकलेलं वापरलंस, ते निराळं होतं. आता तू स्वतः खणणार.

"म्हणजे शेठासारखो?" तू हसून विचारलंस.

मी हसले नाही. तेव्हा तुझाही चेहरा बदलला. देवबागेच्या, आचऱ्याच्या लोकांना शब्द दिलाय, हंगाम सुरू झालाय, लोक वाट बघतायत, असं सगळं भरभर बोललास. आणि मग म्हणालास, "मी सोन्याच्या मागे नाय लागलंय, बाय."

"मग कशाच्या मागे लागलायस?" मी विचारलं.

तू पोत्याचं तोंड बांधत होतास. सुतळी ओढून गाठ मारलीस, दुसरं पोतं घेतलंस. माझी एस.टी. चुकली असती म्हणून मी निघाले. तू नेहमीप्रमाणे कुंपणाच्या बेड्यापर्यंत सोडायला आलास, माझी पिशवी तुझ्या हातात होती. पिशवी दिलीस आणि आईसाठी येताना कसालच्या बाजारातून चांगली मिरची आण म्हणालास. एवढंच.

मिरची मी आणली, भाऊ. सोमवारीच घेऊन ठेवली होती, लाल, लांब, तुला आवडते ती. शनिवारी न्यायची म्हणून.

मी तिसरीला भूगोल शिकवत होते. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या मागे आपल्या वाडीतला माणूस, सायकल मारत आलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाचा. मला कोणी काही सांगायच्या आधी मी खडू खाली ठेवला. चिखल बघूनच मला कळलं होतं. त्या लाल मातीत काळे कण होते.

धोंडू तुझ्याबरोबर होता. तो वर पोती धरून होता आणि तू खाली पट्टी उकरत होतास. तो सांगतो, पाऊस नव्हता, वारा नव्हता, छान ऊन पडलं होतं. तू खालून वर बघून काहीतरी म्हणालास, बहुतेक आणखी एक पोतं दे असं, आणि दरड बसली. आवाज फार झाला नाही म्हणे. धोंडू उडी मारून आला आणि हातांनी उकरायला लागला. माणसं फावडी घेऊन येईपर्यंत त्याची नखं गेली होती. अजून त्याच्या बोटांना फडकी आहेत. परवा भट्टी उघडताना त्याच बोटांनी तो तुझे गोळे उचलत होता.

माझ्यासाठी थांबवलं होतं तुला. अंगणात. आईने तुझा चेहरा धुतला होता, पण केसांत ती होती. मी तुझ्या केसांतून हात फिरवला तर बोटांना काळी वाळू लागली. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्स, तुमी जेवलात?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तेनीव जेवाक नाय. येतंय म्हणान गेले." मग पुन्हा तेच म्हणाली. ती ते म्हणतच राहिली.

आता लोक येतात, बसतात, बोलतात. माझ्या तोंडावर सांगतात की मी तुला बजावलं होतं, माझं ऐकायला हवं होतंस. हो, मी बजावलं होतं. माझं म्हणणं बरोबर होतं. भाऊ, ते चुकलं असतं तर काय बिघडलं असतं? तू पुढच्या शनिवारपासून मला त्यावरून जन्मभर चिडवलं असतंस. ते मी किती आनंदाने ऐकलं असतं.

कार्याच्या दिवशी दूरचे एक काका ओट्यावर बसून सांगत होते की सोन्याच्या लोभाने शेठ बुडाला आणि सोन्याच्या लोभानेच आपला भाऊ गेला. मी उत्तर द्यायला उठणार होते. पण वहिनी आतल्या कोपऱ्यातून उठली. इतक्या दिवसांत ती पुरुषमाणसांपुढे बोलली नव्हती. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"सोन्याच्या नाय," ती म्हणाली. "लोकांनी टाकल्लां तेंका बघवत नव्हतां. तां उचलूक गेले ते."

एवढं बोलून ती आत गेली. मी तुला विचारलं होतं ते तिला विचारायला हवं होतं, एवढंच मनात आलं. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

तुला सांगायचं राहिलं ते फार नाही. आपल्या घरात असं कोणी कोणाला सांगत नाही. ट्रंक पुसून ठेवल्यावर तू ती परत माळ्यावर टाकलीस, आणि त्या वर्षी मी ट्रेनिंगला गेले. तेव्हा मी काही बोलले नाही, तूही नाही. स्टँडवर तू मला पोहे बांधून दिलेस, आणि गाडी सुटताना खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर टपली मारलीस. मी आज शिकवते, माझ्या पायावर उभी आहे, वर्गात मुलं माझी वाट बघतात, हे सगळं त्या टपलीतून आलंय. तुला ते माहीत होतं का? माहीत असेल असं मी धरून चालते. नाहीतर जगणं कठीण होईल.

काल भट्टीतले गोळे घेऊन मी आणि वहिनी किनाऱ्यावर गेलो. शेवटचे होते, आता ना वाळू आहे ना ते करणारा माणूस. पांडू तांडेलाला टोपली दिली. तो पैशाचं काही बोलला नाही, आम्हीही नाही. त्याने माणसांना हाक मारली आणि नव्या जाळ्याच्या दोरीत तिथेच ओवायला घेतले. वहिनी माडाच्या सावलीला उभी राहिली, मी तिच्याजवळ. होडी जाळं सोडत लांब गेली, वळसा घेऊन परत आली. मग दोन्ही बाजूंनी दोर ओढायला सुरुवात झाली. आपल्या घरातल्या कोणी कधी त्या दोराला हात लावला नव्हता. मला तिथे उभं राहवेना. मी चप्पल काढली आणि दोराला लागले. पुढच्या म्हाताऱ्याने थोडी जागा करून दिली.

मासळी बरी लागली. तारल्यांचा ढीग चमकत होता. वाटे पडले, ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक. माझ्यापुढेही एक पडला. मग तांडेलाने आणखी एक वाटा घातला, थोडा मोठा, आणि कमरेवर हात ठेवून वहिनीकडे बघितलं.

"ह्यो भाऊचो वाटो," तो म्हणाला. "चवथीपासून दिवाळीपर्यंत माझ्या दारात पाणी भरी होतो. तेव्हाच देवक होयो होतो."

वहिनी पुढे आली. रिकामी झालेली टोपली तिने वाळूत ठेवली आणि वाकून ते मासे स्वतःच्या हाताने भरले. एकेक करून. घरापर्यंत टोपली मला घेऊ दिली नाही.

तू गेल्यापासून घरात मासे शिजले नव्हते. वहिनीने तारल्यांचं तिखलं केलं, तिरफळं घालून, मी कसालहून आणलेली मिरची वाटून. आम्ही तिघी एकत्र बसलो. आईने भातावर घेतलं आणि सवयीने एक तारली उचलून काटे काढायला लागली. तुला काटे काढायचा कंटाळा. लग्न झालं, घर बांधलंस, चार गावांत नाव झालं, तरी तारली आणि पेडवे आईच निवडून तुझ्या ताटात टाकायची. तिने सगळे काटे काढले, बारीकसुद्धा, आणि निवडलेला तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. मग तिचा हात तिथेच राहिला.

आम्ही दोघी त्या तुकड्याकडे बघत होतो. मला वर बघण्याचं धैर्य झालं नाही.

वहिनीने हात लांब करून तो तुकडा उचलला, आपल्या भातात कालवला आणि खाल्ला.

आईने विचारलं, "मीठ बरोबर आसा?"

"आसा," वहिनी म्हणाली.